मुख्य प्रशिक्षक, दोन ठिकाणी

मंजेरी, केरळ
१२ सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

नमस्कार. खाट आणि बॅगा यांच्यामध्ये वीतभर फट आहे, वाकायला जागा नाही, तेव्हा बसल्या बसल्या केलेला गोड मानून घे.

बातमी अशी, की तुझा भाचा हेड कोच झाला. सहायक नाही, हंगामी नाही, गोलकीपरांच्या हातमोज्यांची पिशवी सांभाळणारा नाही, हेड कोच. क्लबचं नाव एरनाड रोव्हर्स. दुसऱ्या श्रेणीत खेळतात, या वर्षी वरच्या श्रेणीत जायचंच असा पण आहे. जर्सी पिवळी, मैदान हिरवं, आणि गाव असं की न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक जण फुटबॉलवर मत देतो. काल न्हाव्याने माझी दाढी अर्धी ठेवून मला ऑफसाइड समजावून सांगितला.

फोनवर तुला ऐकू आलं नसतं, आणि व्हॉट्सॲप तू घेत नाहीस, कारण तुझ्या मते ते फाइलला लावता येत नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या फाइलला लाव.

बँकेची नोकरी सोडून यंदा चौदा वर्षं झाली. तू तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस हे मी विसरलो नाही. आधी डी लायसन्स, मग सी, मग बी, मग ए; कांदिवलीची शाळा, पुण्याची अकादमी जी मालकाने एका रात्रीत बंद करून तिथे लग्नाचा हॉल काढला, मग गोव्यात तीन वर्षं सहायक. गोव्यात एका सीझनला तीन कोच बदलले आणि प्रत्येक वेळी मधले चार-चार दिवस मी हंगामी हेड कोच होतो. त्या बारा दिवसांत एकही सामना नव्हता. आता सामने आहेत. आत्या, मला एवढंच हवं होतं: एक टीम, जी मी घडवली असं मला स्वतःला म्हणता येईल. त्रेचाळिसाव्या वर्षी का होईना, मिळाली.

संघमालक फार भला माणूस आहे. मला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय. त्याचा मेव्हणा शिहाब मदतीला असतो, जुना खेळाडू आहे.

कानाचं मशीन लावतेस की कपाटातच आहे?

तुझा,
यतीन


बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
२६ सप्टेंबर २०२४

चि. यतीन,

आशीर्वाद. मशीन कपाटात आहे आणि सुखी आहे. ते लावलं की आपल्या इमारतीतले सगळे मिक्सर एकाच वेळी ऐकू येतात आणि माणसं तेवढी येत नाहीत.

हेड कोच झालास, आनंद झाला. मी सोसायटीत पेढे वाटले. जितेशभाई सेक्रेटरींनी दोन घेतले आणि विचारलं, “क्रिकेटमां छे?” मी नाही म्हटल्यावर एक परत ठेवावा की काय असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला, पण तोवर तो खाऊन झाला होता.

तू ज्याला स्वातंत्र्य म्हणतोस त्याची मला जरा भीती वाटते. विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात मी एकतीस वर्षं काढली. तिथे ज्याला साहेब पूर्ण स्वातंत्र्य देत, त्याच्या टेबलावर फाइल कधी येत नसे. पण फुटबॉलमध्ये वेगळं असेल.

आता माझं काम. मागच्या बाजूचा आपला मोकळा प्लॉट आठवतो? तिथे जितेशभाईंना गाड्यांचं दुमजली पार्किंग करायचंय. मी सभेत उभी राहिले आणि म्हटलं, ते मैदान आहे. ते म्हणाले, मैदान आहे तर खेळतंय कोण? खरंच कोणी खेळत नव्हतं. आपल्या सोसायटीतल्या मुली अबॅकसला जातात. तेव्हा मी आपल्या मासळीवाल्या सत्यवतीला सांगितलं, आणि ती मुर्धा गावातून तिची नात हेमाली आणि आणखी पाच-सहा पोरी घेऊन आली. आपल्यातल्या दोन-तीन मिळाल्या. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या नेहाची मुलगी रसिका आहे. सभेने ठराव केला: रजिस्टर झालेली टीम आणि क्वालिफाइड कोच असेल तोवर प्लॉट मैदानच राहील.

तुझ्या ए लायसन्सची एक झेरॉक्स पाठव, खाली ‘खरी प्रत’ असं लिहून सही कर. नुसती फाइलला लावायची आहे.

हंसाआत्या


मंजेरी
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

प्रत सोबत आहे. दोन पाठवतो, तुझ्या फाइलींची भूक मला माहीत आहे. त्या मुलींना माझा नमस्कार सांग आणि सुरुवातीला बॉलला हातच लावू देऊ नकोस. म्हणजे पायच. म्हणजे नुसतं पळू दे. तुला काय करायचंय, तू फक्त ठरावापुरती टीम दाखव.

आमचे दोन सामने झाले, दोन्ही जिंकलो. पेपरात माझं नाव आलं, इथल्या लिपीत आहे, कात्रण पाठवतो. चौथ्या ओळीतला लांबलचक शब्द मी आहे असं मला सांगण्यात आलंय. रविवारच्या सामन्यात कोण खेळणार हे मला आत्ता सांगता येत नाही. या स्तरावर गुप्तता फार पाळतात.

दिनक्रम ठरलेला आहे. सकाळी सराव, मग पराठ्यासारखा एक थरांचा पदार्थ मिळतो तो, मग विश्रांती. विश्रांती भरपूर मिळते. मोठ्या जागेवर माणूस गेला की कामं वाटून द्यावी लागतात, त्याने कमी करायचं असतं.

यतीन


बेव्हर्ली पार्क
२० नोव्हेंबर २०२४

चि. यतीन,

आशीर्वाद. परवाचा सामना मी पाहिला. नेहाने तिच्या टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं. बाकीच्यांना समालोचन ऐकू येत होतं, म्हणून ते बॉल बघत होते. मला ते ऐकू येत नाही, म्हणून मी तुला बघत होते.

नव्वद मिनिटं तू पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला होतास. शर्टाला इस्त्री चांगली होती. तुझ्या मागे एक दाढीवाला जाडसर गृहस्थ उभा होता, तो ओरडत होता, हात करत होता, आणि खेळाडू त्याच्याकडे बघत होते. सत्तराव्या मिनिटाला नंबरांची पाटी वर झाली. तू मान वळवलीस आणि शेजारच्याला विचारलंस, “कोण येतोय?”

कान गेल्यापासून मी माणसांचे ओठ वाचते. जितेशभाई सभेत माझ्याकडे पाठ करून बोलतात ते उगाच नाही. तेव्हा चूक झाली असं म्हणू नकोस.

मला खोटं वाईट वाटत नाही रे. तू लहान असताना दाबून खोटं बोलायचास. पण माझ्याशी बोललास याचं वाईट वाटलं. तू त्या खुर्चीत कशाला बसतोस ते लिही.

हंसाआत्या


मंजेरी
८ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

तीन पत्रं लिहून फाडली, हे चौथं.

दाढीवाला तो शिहाब. टीम त्याची आहे. खरोखर त्याची आहे, त्याला खेळ कळतो, पोरं त्याच्यासाठी जीव देतात. पण त्याच्याकडे फक्त डी लायसन्स आहे, आणि इंग्रजीत परीक्षा द्यायची म्हटली की त्याला घाम फुटतो. नियम असा, की बाकावर ए लायसन्सवाला हेड कोच हवा, संघाच्या यादीवर त्याची सही हवी, नाहीतर सामना गेला. म्हणून मी. सही करायची, पुढच्या खुर्चीत बसायचं, नंतर पत्रकारांसमोर दोन वाक्यं बोलायची. ती वाक्यंही शिहाब आधी सांगतो. पहिल्या आठवड्यात मी सरावात एकदा शिट्टी वाजवली. सगळे थांबले, शिहाबकडे बघितलं, आणि पुन्हा खेळायला लागले. तेव्हापासून शिट्टी बॅगेत आहे.

असे आम्ही बरेच आहोत. शेजारच्या जिल्ह्यात नागपूरचा एक अभिनव म्हणून आहे, तो दोन सीझन असाच बसलाय. आम्ही भेटलो की डावपेचांवर फार बोलतो.

मग बसतो कशाला? कारण कागदावर हेड कोच लिहिलं जातंय. ही टीम वर गेली, की माझ्या नावापुढे ‘संघ वरच्या श्रेणीत नेला’ असं येईल, आणि मग कुठेतरी, कुणीतरी मला खरी टीम देईल. चौदा वर्षं खरं काम केलं त्याचा कागद कुठेच नाही. आता कागद आहे, काम नाही. एकच सीझन, आत्या. तू कुणाला सांगू नकोस.

यतीन


बेव्हर्ली पार्क
२३ जानेवारी २०२५

चि. यतीन,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग मला हसू आलं, आणि का आलं ते आता कबूल करते.

तू तिथे जे करतोयस, तेच मी इथे तुझ्याकडून करून घेतेय. त्या झेरॉक्सवर मी आपली टीम जिल्ह्याच्या तेरा वर्षांखालच्या मुलींच्या लीगमध्ये नोंदवली. फॉर्मात रकाना होता: मुख्य प्रशिक्षक. रकाना मोकळा सोडणं मला या जन्मात जमणार नाही. तुझं नाव घातलं, लायसन्स नंबर घातला, दुसरी खरी प्रत जोडली. म्हणजे तू तिथे बसून आणि इथे न बसून, दोन्हीकडे मुख्य प्रशिक्षक आहेस. ऑक्टोबरातच झालं हे. म्हटलं, तुला कशाला सांगा, नाव तर नुसतं लावायचंय.

शिकवते मीच. तू माळ्यावर टाकून गेलेली डी लायसन्सची वही काढली. तुझं अक्षर भयंकर आहे, पण आकृत्या कळतात. मुलींना मी सांगितलं, मला ऐकू येत नाही, काही म्हणायचं असेल तर समोर येऊन माझ्याकडे बघून बोला. आता त्या एकमेकींशीही तशाच बोलतात. मैदानात कुणी किंचाळत नाही, बॉल हवा असेल तर हात वर करतात. हेमाली गोलात उभी राहते. होडीवरून फेकलेल्या टोपल्या झेलून हात तयार झालेत तिचे. परवा मी म्हटलं, थोडी पुढे ये. तर म्हणाली, “न्हाय आजी, तुमच्या वहीत हाय का तसं?” मी वही बघितली. नव्हतं. मग मी वही मिटली.

सामने एप्रिलात, परीक्षा झाल्यावर. तू तेव्हा येशील का?

हंसाआत्या


मंजेरी
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र एक तारखेला मिळालं. त्याच्या दोन दिवस आधी मला फुटबॉल महासंघाची नोटीस मिळाली होती. तुमच्या जिल्ह्याच्या लीगने नोंदणीचे कागद काँप्युटरवर चढवले आणि एकच लायसन्स नंबर एका सीझनमध्ये दोन संघांना लागलेला दिसला. मला वाटलं कुणीतरी माझा नंबर चोरला. मी तावातावाने तसं लिहून पाठवणार होतो, तेवढ्यात तुझं हसू आलेलं पत्र आलं.

चौकशीत पहिलाच प्रश्न होता, दोन्हीपैकी प्रत्यक्ष प्रशिक्षण तुम्ही कुठे दिलं. काय सांगू? कुठेच नाही? मी मंजेरी म्हणालो. मग क्लबने स्वतःला वाचवायला लेखी दिलं, की सदर गृहस्थ सरावाला अनियमित असत आणि त्यांचं मुंबईकडे दुसरं काम चालू असावं असा आम्हाला संशय होता. खाली शिहाबची सही आहे. इंग्रजीत केलीय.

एक वर्ष बंदी. बाकावर बसायचं नाही, यादीवर सही नाही, सामन्यात कुठल्याही संघाला सूचना द्यायची नाही. मोडली तर लायसन्स कायमचं रद्द. टीम पहिल्या नंबरवर आहे, पाच सामने राहिलेत. माझ्या जागी अभिनवला आणलंय. माझीच खोली दिलीय त्याला, मी लॉजवर आहे.

तुला मी नोकरी सोडल्याचा राग होता ना? फिटला आता. एका झेरॉक्समध्ये चौदा वर्षं फिटली. मला उत्तर लिहू नकोस.

यतीन


बेव्हर्ली पार्क
१२ मार्च २०२५

यतीन,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितेय. फाडायचं असेल तर वाचून फाड.

चूक माझी आहे. तुझ्या शिहाबची नाही, काँप्युटरची नाही. एकतीस वर्षं मी माणसांची नावं कागदावर चढवली आणि उतरवली, आणि त्यामागचा माणूस कुठे असेल याचा विचार करायची मला सवयच राहिली नाही. तुझं नाव मी माझं असल्यासारखं वापरलं. तुला मी वाढवलं म्हणून तो हक्क माझा, असं मनात होतं. तो नव्हता. मला माफ कर. हे मी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कुणाला तरी लिहितेय, म्हणून वाक्य नीट जमलं नसेल.

आणि नोकरी सोडल्याचा राग मला नव्हता, भीती होती. दोन्ही दिसायला सारखीच दिसतात.

महासंघाला सगळी हकीकत रजिस्टर पोस्टाने कळवली. पोच आली, उत्तर आलं नाही. टीममधून तुझं नाव काढलं. पण कोच नसेल तर टीम बाद, आणि टीम बाद तर पार्किंग. म्हणून अगदी पहिल्या पायरीचा दोन दिवसांचा कोर्स असतो, तो मी केला. बाकी सगळी विशीतली पोरं होती. मला शिट्टी ऐकू येईना, तेव्हा सरांनी माझ्यासाठी रुमाल हलवायची सोय केली. पास झाले. गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालंय, फोटोत मी चिडलेली दिसते. आता मुख्य प्रशिक्षक मी आहे. मला यातलं काही येत नाही हे तुलाच माहीत आहे.

घरी ये.

हंसाआत्या


मंजेरी
२४ मार्च २०२५

ती. आत्या,

काल टीम वरच्या श्रेणीत गेली. मी तिकीट काढून गॅलरीत बसलो होतो. शिहाबला खांद्यावर घेतलं पोरांनी, त्याला रडू आवरत नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही. अभिनव पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. नंतर मी त्याला चहा पाजला. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण वरच्या श्रेणीत ए लायसन्स चालत नाही, त्याहून मोठं लागतं. त्यालाही आजपासून सुट्टी.

म्हणजे बंदी नसती, तरी मी आज तुला हेच पत्र लिहिलं असतं. तुझ्यावर इतकं ओरडायला नको होतं.

शनिवारी निघतो. स्टेशनवर येऊ नकोस, गर्दीत तुला काही ऐकू येणार नाही आणि मला ओरडायचं नाहीये.

यतीन


बेव्हर्ली पार्क, आतली खोली
१४ एप्रिल २०२५

चि. यतीन,

तू बाहेरच्या खोलीत झोपलायस आणि मी आत बसून तुला पत्र लिहितेय, हा वेडेपणा आहे. पण तोंडाने बोलले की तू हो-हो करतोस आणि माझे ओठ थकतात.

गेले दोन आठवडे तू रोज संध्याकाळी मागच्या मैदानात असतोस. मी काय बघायचं ते बघितलंय. पहिल्या दिवशी तू कडेला उभा होतास. दुसऱ्या दिवशी रसिकाच्या पायाची दिशा नीट केलीस. तिसऱ्या दिवशी हेमालीला पुढे ये म्हणालास आणि ती एका शब्दाने उलट न बोलता आली. मी महिनाभर घसा कोरडा केला होता. जितेशभाई गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, काल त्यांनी टाळी वाजवली. सरावाला बंदी नाही, ती सामन्याला आहे, तेव्हा इथवर सगळं कायद्यात बसतं.

प्रश्न सत्तावीस तारखेच्या सामन्याचा आहे, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन भाग. बाकावर मी असणार, कारण कार्ड माझ्या गळ्यात आहे. तू काल म्हणालास, कुंपणाबाहेर उभा राहीन आणि चिठ्ठ्या पाठवीन, रसिका राखीव आहे, ती पाण्याच्या बाटलीबरोबर ने-आण करील. तिला मजा वाटतेय. मला वाटत नाही. पकडला गेलास तर लायसन्स जाईल, कायमचं. मी एकदा तुझं नुकसान केलंय, दुसऱ्यांदा करायची माझी तयारी नाही. तू घरी थांब. मी हरून येईन, त्यात काय मोठंसं.

हंसाआत्या

(यावर उत्तर लिहायचं असेल तर फ्रिजवर लाव.)


फ्रिजवर
१५ एप्रिल

आत्या, येणार. चिठ्ठ्यांसाठी पाठकोरे कागद काढून ठेव. यतीन


भाईंदर पश्चिम, शाळेचं मैदान
रविवार, २७ एप्रिल २०२५

नववं मिनिट, कुंपणाबाहेरून

आत्या, डावीकडची आपली सगळ्यात लहान, बारकी, एकटी पडतेय. तिच्या मागे एक जण ठेव. रसिकाला म्हणावं पळत येऊ नकोस, तहान लागल्यासारखी ये.

बारावं मिनिट, बाकावरून

ठेवली. रेफरीने माझं कार्ड दोनदा वाचलं. वयाचा रकाना शोधत असावा.

एकविसावं मिनिट, बाकावरून

गोल खाल्ला. हेमाली रडत नाहीये पण माझ्याकडे बघतही नाहीये. काय सांगू तिला?

बाविसावं मिनिट, कुंपणाबाहेरून

सांग, चूक तिची नव्हती. पुढे आली ते बरोबर होतं. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा पुढे ये.

मध्यंतर, कुंपणाबाहेरून

त्यांच्या उजव्या बाजूची मुलगी दमलीय, सारखी गुडघ्यावर हात ठेवतेय. बॉल तिकडेच टाकत राहा, पण उंच नको, जमिनीवरून. रसिकाला बारकीच्या जागी शेवटची दहा मिनिटं खेळव. ती मघापासून धावतेच आहे, तिचं अंग गरम आहे. मग चिठ्ठ्या बारकी आणील.

आणि आत्या, नवव्या मिनिटाला मी लिहिलं आणि बाराव्याला ते मैदानात झालं. कागद कुंपणावर टेकवून लिहितोय, अक्षर लागत नसेल तर माफ कर. चौदा वर्षांत हे मला एकदाही मिळालं नव्हतं. मला फार आनंद झालाय.

अडतिसावं मिनिट, बाकावरून

अक्षर लागलं. आणि तुझ्या दमलेल्या मुलीच्या बाजूनेच बरोबरी झाली. सत्यवती टोपली सोडून नाचतेय. रसिकाला आता आत घालते.

चव्वेचाळिसावं मिनिट, बाकावरून

यतीन, रेफरीने खेळ थांबवलाय. बारकीच्या हातातली बाटली रिकामी आहे आणि मूठ बंद आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने मला विचारलं, या टीमचा कोच कोण. मी कार्ड पुढे केलं. त्याने ते बाजूला सारलं आणि मुलींना विचारलं. मी त्यांना काही पढवलं नव्हतं रे. नवाच्या नऊ जणींनी कुंपणाकडे बोट दाखवलं. तो चौथ्या पंचाशी बोलतोय, मग तुझ्याकडे येईल. मागच्या गेटवर जितेशभाईंची गाडी चालू आहे. जा.

चव्वेचाळिसावं मिनिट, कुंपणाबाहेरून

जात नाही. येऊ दे त्याला. तो विचारील आणि मी हो म्हणेन. बारकी थांबलीय म्हणून घाईत लिहितो: आपला कॉर्नर बाकी आहे. रसिकाला म्हणावं जवळच्या खांबापाशी उभी राहा, आणि हात वर कर.